इंजिन गेलं हे मी सांगितलं, मी घालवलं नाही: वाईट बातमी सांगायची कशी आणि ऐकायची कशी

मी नागपुरात एका गाडीच्या वर्कशॉपमधे सर्व्हिस ॲडव्हायजर आहे, म्हणजे लोकांना दिवसभर वाईट बातम्या सांगायचा मला पगार मिळतो. क्लचप्लेट गेली, टर्बो गेला, पार्ट आलाच नाही त्यामुळे गाडी आजही मिळत नाही, असं चौदा वर्षं सांगून राहिलो. या चौदा वर्षात इतक्या शिव्या खाल्ल्या की आता कोणती शिवी माझ्यासाठी आहे आणि कोणती क्लचप्लेटसाठी ते आवाजावरून कळते. मित्र विचारत असतात की बाबा तू हे सांभाळतो कसा, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. सांगणाऱ्याचंही आणि ऐकणाऱ्याचंही, कारण घरी गेलो की मीसुद्धा ऐकणाराच असतो आणि तिथे माझा रेकॉर्ड काही फार चांगला नाही.

२३ सप्टेंबर २०२३ चा शनिवार नागपूरकरांना नव्यानं सांगायला नको. रात्रीतून धो धो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या घरात. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी तिकडच्या पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या आणि सोमवारपर्यंत आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यातली एक गाडी एका रिटायर्ड काकांची. पाणी उतरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून त्यांनी सेल्फ मारला होता, एकदा नाही, तीनदा. आता पाणी काही दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या रस्त्यानं ते सिलेंडरमधे गेलेलं असलं आणि सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाण्याला जायला जागा नसते, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान बसते, पण पाणी भरलेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन बिघडवलं तर विमावाले साधारणपणे त्याला नंतर ओढवून घेतलेलं नुकसान म्हणतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागते. काकांनी ते घेतलेलं नव्हतं.

हे सगळं मी काकांना काउंटरवर, सातआठ लोकांसमोर, एका दमात सांगून टाकलं, कारण मागे लाइन होती. काका दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या टोइंगवाल्यानंच वाकवला असेल रॉड." मग आवाज चढला, मग कोणीतरी व्हिडिओ काढायला लागलं, मग "तुम्ही सगळे मिळालेले असता" झालं. पाऊस मी पाडला नव्हता, पॉलिसी मी विकली नव्हती, सेल्फ मी मारला नव्हता, पण त्या क्षणी समोर तोंड माझं होतं नं.

राग आपल्यावरच का निघतो

हे कळलं की अर्धं काम होते म्हणून आधी हे. हार्वर्डच्या लेस्ली जॉन आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी २०१९ मधे याच्यावर अकरा प्रयोग छापले. निकाल निव्वळ नशिबावर, चिठ्ठी काढून ठरलेला असला तरी वाईट निकाल सांगणारा माणूस लोकांना आवडेनासा होतो. गंमत म्हणजे बाजूला नुसत्या उभ्या असलेल्या माणसावर हा राग जात नाही, फक्त सांगणाऱ्यावरच जातो. कारण असं की आपल्या डोक्याला "असंच झालं, योगायोगानं झालं" हे पचत नाही, त्याला कोणीतरी करणारा पाहिजे असतो आणि सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस म्हणजे निरोप्या. बातमी जितकी अनपेक्षित तितका राग जास्त, आणि या माणसाच्या मनात काहीतरी खोट आहे असंही वाटायला लागते. पण याच अभ्यासात एक कामाची गोष्ट निघाली, की सांगणाऱ्याचा हेतू चांगला आहे हे समोरच्याला दिसलं तर राग कमी होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

आपल्या नागपूरवाल्यांना हे समजायला हार्वर्डची गरज नाही म्हणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल, इतवारी या भागात उभं राहून बघा. काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, १८८१ पासून निघते, पिवळी तिच्या मागून, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे, आणि सगळं गाव ओरडते, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" वर्षाचं सगळं वाईट एका पुतळ्यावर घालायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. मला हा सण भयंकर आवडतो. फक्त वर्षाचे उरलेले ३६४ दिवस आपण हातात जो सापडेल त्याला बडग्या बनवतो, ही भानगड आहे.

सांगायची पाळी तुमच्यावर आली तर

आधी खात्री करा. स्वतःच्या डोळ्यांनी. मेकॅनिक म्हणाला म्हणून मी कोणाला काही सांगत नाही, खाली जातो, पार्ट हातात घेतो, फोटो काढतो, शक्य असलं तर मालकालाच लिफ्टखाली उभं करतो. फोटोमुळे राग जात नाही पण त्याला बघायला दुसरी जागा मिळते, तुमच्या तोंडाऐवजी तो वाकलेल्या रॉडकडे बघतो. घरच्या बाबतीत पण तेच. पोराचा रिझल्ट, सासूबाईंचा रिपोर्ट, प्लॉटच्या सातबाऱ्यावर निघालेला बोजा, कागद हातात असल्याशिवाय बोलू नका, कारण बातमी अर्धी चुकीची निघाली की उरलेल्या अर्ध्याचा दोष पण तुमचाच.

मग ठरवा की सांगायचं कोणी. आपल्याकडे एक घाण सवय आहे, सगळ्यात लहान माणसाला पुढे करायचं. ऑफिसमधे नवीन पोट्टा, घरात धाकटी सून, दवाखान्यात रात्रीचा ज्युनिअर डॉक्टर. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडून बातमी आली की समोरचा आणखी भडकतो, कारण पुढे काय हे त्याला विचारता येत नाही. ज्याला निर्णय घेता येतो त्यानं सांगावं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तोडफोडीची दुप्पट भरपाई. कायदा आहे ते चांगलंच आहे, पण रात्री दोन वाजता कॉरिडॉरमधे एकट्या ज्युनिअरला बोलायला लावणं हे तो कायदा कसं थांबवणार.

जागा. काउंटर नको, गर्दी नको, जिना नको. मी आता एक छोटी केबिन ठेवली आहे, दोन खुर्च्या, कूलर, पाण्याची बाटली. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीतून आलेल्या माणसाला आधी पाणी न देता बिल सांगणं म्हणजे आ बैल मुझे मार. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा कमी ओरडतो, हे माझं स्वतःचं निरीक्षण, शास्त्र असलं तर असेल. फोनवर सांगायचं असलं तर पहिला प्रश्न एकच, "गाडी चालवून राहिले का तुम्ही?" हो म्हटलं तर दहा मिनिटांनी करतो म्हणून ठेवून द्या. व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा तर कधीच नाही.

मग विचारा की त्यांना काय माहीत आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी २००० साली सहा पायऱ्यांची एक पद्धत छापून आली, स्पाइक्स म्हणतात तिला. तिच्यात शांत जागा पहिली आणि हा प्रश्न दुसरा, सांगण्याच्याही आधी. मला एका डॉक्टर कस्टमरनं सांगितलं होतं आणि मी ते जसंच्या तसं उचललं. "काका, तुम्हाला काय वाटते, काय झालं असेल?" काका म्हणतात, "पाणी तर गेलंच असेल इंजिनात." झालं, अर्धी बातमी त्यांनीच सांगितली, आता तुम्ही फक्त पुढचं वाक्य जोडायचं. आणि काका म्हणाले की "बॅटरी उतरली असेल, अजून काय", तर समजा की दरी मोठी आहे, हळू चला.

यानंतर एक इशारा आणि लगेच सरळ बातमी. "काका, बातमी चांगली नाही." दोन सेकंद थांबायचं. "इंजिनचा रॉड वाकला आहे, इंजिन खोलावं लागेल." बस. "थोडा इश्यू आहे" म्हणू नका, "तसं काही नाही पण" म्हणू नका, आणि आमच्या लाइनमधला सगळ्यात बेकार शब्द म्हणजे "मायनर". मायनर म्हणून सुरुवात केली आणि ८० हजारांवर संपवलं की तो माणूस जन्मभर तुम्हाला चोर समजतो आणि त्याचं बरोबर आहे.

इथे थोडं विषयांतर. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांकडे सावकारी पत्रातून आली ती शाळेत सगळ्यांनी ऐकली असेल, दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. लोकांना वाटते की हे गोलगोल बोलणं झालं. मला उलटं वाटते, ज्याला वाचायचं होतं त्याला एका ओळीत सगळं कळलं, लपवलं फक्त परक्यापासून. आपण उलटं करतो, सगळ्या गल्लीला माहीत असते आणि ज्याची बातमी आहे त्यालाच गोलगोल.

आता ती मुख्य गोष्ट, हेतू. बातमी सांगून झाली की एक वाक्य असं बोलायचं की तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात ते दिसलं पाहिजे. "मी हे आत्ताच सांगतो कारण विम्याचा सर्व्हेअर यायच्या आधी तुम्हाला सगळं माहीत पाहिजे, नाहीतर तुम्ही तिथे अडकाल." "मला हे सांगायला अजिबात चांगलं नाही वाटून राहिलं, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं." वाक्य खरं असायला पाहिजे हं. पाठ केलेलं "आम्हाला आपल्या भावनांची कदर आहे" हे कॉल सेंटरवालं बोललात तर जास्त मार पडेल. मी त्या काकांना हे वाक्य बोललोच नव्हतो, त्यामुळे मी त्यांच्याशी का बोलून राहिलो याची जागा रिकामी राहिली आणि ती त्यांनी स्वतःच भरली, हे सगळे मिळालेले आहेत म्हणून.

मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. बातमी पडल्यावर माणूस पंधरावीस सेकंद काही बोलत नाही आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही, म्हणून आपण सफाई द्यायला लागतो, आमची चूक नाही, आम्ही तर सांगितलं होतं, पॉलिसी वाचायला पाहिजे होती. समोरच्याला त्यातून एकच ऐकू येते, की चूक तुझी. त्यानं आवाज चढवला तर "तुम्ही माझ्यावर का ओरडता" न म्हणता "राग येणारच काका, इतका खर्च आला तर मलाही आला असता" म्हणा. पण हात उगारला, कॉलर धरली तर तिथेच थांबा, बाहेर या, कोणाला तरी बोलवा. समजूतदारपणाला पण मर्यादा असते, पगार तेवढ्यासाठी नाही मिळत.

शेवटी पुढचा रस्ता, दोन पर्याय आणि आकडा. आकडा खालीवर धरून सांगा, "८० हजार ते सव्वा लाख, खोलल्यावर नक्की कळेल." आणि त्याच दिवशी तेच शब्द व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, कारण धक्क्यात माणसाला अर्धं आठवत नाही आणि चार दिवसांनी "तुम्ही तर ५० म्हणाले होते" सुरू होते.

मयताचा फोन

हा वेगळाच घेतो, कारण इथे आपण सगळे एकच चूक करतो. २०१६ मधे माझे मोठे बाबा पहाटे साडेतीनला गेले. पुण्याला चुलतभावाला फोन करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तेच केलं जे सगळे करतात, "बाबा सीरियस आहेत, निघ." मला वाटलं प्रवासात एकटा आहे, इथे आला की सांगू. तो सकाळच्या विमानानं आला, एअरपोर्टहून घरी येताना वर्धा रोडवर टॅक्सीत फोन उघडला आणि कॉलनीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली. दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही. गेले याचा राग नव्हता त्याला, चार तास मी त्याला खोट्या आशेवर ठेवलं आणि तो विमानात बसून हनुमान चालीसा म्हणत होता याचा होता.

आता मी असं करतो. पहिले विचारतो, "जवळ कोण आहे?" एकटा असला तर त्याच्या बायकोला किंवा रूममेटला उठवायला लावतो. ते आले की खरं सांगतो, "गेले" हाच शब्द वापरून, कारण "आपल्यात नाही राहिले" वगैरे अर्ध्या झोपेत कोणाला पटकन कळत नाही. आणि सगळ्यात पहिले ग्रुपच्या ॲडमिनला फोन, की मी सांगेपर्यंत कोणी फोटो टाकायचा नाही. हे काम अंत्ययात्रेच्या तयारीइतकंच महत्त्वाचं आहे, एका माणसाला फक्त यालाच लावा.

ऐकायची पाळी तुमची असली तर

इसवीसनापूर्वी ६९ मधे आर्मेनियाचा राजा तिग्रानेस याच्यावर रोमन सेनापती लुकुल्लस चालून गेला. जुना ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो की ही बातमी घेऊन आलेल्या पहिल्या माणसाचं राजानं डोकंच उडवलं. मग साहजिकच दुसऱ्या कोणी काही सांगितलं नाही, राजा गोडगोड बोलणाऱ्यांच्या घोळक्यात बसून राहिला आणि युद्ध दारापर्यंत आलं. नंतर सपाटून हरला.

मी राजा नाही पण माझ्या बेमधे, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, मी तेच केलं. आमच्याकडे एक पोट्टा होता, विशीचा, छिंदवाड्याकडचा, हात सोन्यासारखा. एक दिवस आला आणि म्हणाला, "भाऊ, त्या गाडीच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले." आधीच्या कोण्या गॅरेजवाल्यानं तो ऑइल काढायचा बोल्ट जास्त पिळला होता, यानं फक्त उघडला. मी त्या दिवशी आधीच तापलेलो, सगळ्यांसमोर बोललो, "तुलेच बरं सापडते बे सगळं! काय हात लावला की मोडतेच का तुझ्यानं?" तो गप्प गेला. महिनाभरानं दुसऱ्या गाडीत पुन्हा तेच, आटे मेलेले, या वेळी तो काही बोलला नाही, टेप गुंडाळून बोल्ट बसवला आणि गाडी दिली. ती गाडी हिंगण्याच्या पुढे ऑइल सांडून बंद पडली, इंजिन जाम. ८०० रुपयांचं काम होतं, माझ्या एका वाक्यामुळे ते लाखावर गेलं.

तेव्हापासूनचे माझे नियम, मोडतात अधूनमधून. बातमी आली की तोंडातून पहिला शब्द "बरं झालं सांगितलं" हाच निघाला पाहिजे, मनात काहीही असो. सुरुवातीला खोटं वाटते, नंतर सवय होते. दुसरं, पहिला प्रश्न "काय झालं" असावा, "कोणी केलं" उद्या. सांगणारा आणि करणारा एकच माणूस असला तरी आज फक्त सांगणाऱ्याशी बोला, करणाऱ्याशी उद्या सकाळी बोला. विमानवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक योजना चालवते, पायलटनं नकळत झालेली चूक दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवली तर साधारणपणे त्याला दंड किंवा लायसन्स सस्पेंड होत नाही. का, तर पायलटची चूक लपून राहण्यापेक्षा ती सगळ्यांना कळलेली परवडते.

तिसरं, बातमी यायची वाट बघू नका, मागा. मी संध्याकाळी सहाला चहाच्या टपरीवर पोट्ट्यांना विचारतो, "आज काय काय बिघडलं?" पहिले आठ दिवस सगळे "सब ठीक" म्हणाले. नवव्या दिवशी मीच माझी एक चूक सांगितली, चुकीचा पार्ट ऑर्डर केल्याची, मग हळूहळू तोंडं उघडली. घरी पण हे चालते, मुलीला "पेपर कसा गेला" विचारण्यापेक्षा "कोणता प्रश्न बेकार गेला" विचारलं की ती खरं सांगते.

एक कबूल करतो. काही लोक खरंच कळलाव्या नारद असतात, दुसऱ्याची वाईट बातमी सांगताना त्यांचे डोळे चमकतात. ओळखायची माझी खूण सोपी आहे, तो पुढचा रस्ता सांगतो का फक्त चेहरा बघत बसतो. आणि कधी सांगणारा खरंच दोषी पण असतो. आम्हीच रॉड वाकवला असता तर "मी तर फक्त सांगून राहिलो" म्हणायचा मला हक्क नसता, तिथे पहिलं वाक्य "चूक आमची आहे" हेच.

आधीच ओरडून बसले असाल तर

माफी मागा, पण जितक्या लोकांसमोर ओरडलात तितक्यांसमोर. कोपऱ्यात नेऊन खांद्यावर हात ठेवून मागितलेली माफी बाकीच्यांना दिसत नाही, त्यांच्या डोक्यात तुमचा ओरडाच राहतो. मी त्या पोट्ट्याची माफी टपरीवर सगळ्यांसमोर मागितली, तर्री पोहे खात असताना, घशात अडकत होते. तो लाजून "अरे भाऊ, सोडा नं" म्हणाला, आणि पुढचे दोन महिने तरी मला काही सांगायला आला नाही. विश्वास तेवढा वेळ घेतोच, घाई करू नका.

परवा संध्याकाळी शटर पाडायच्या वेळेला आला. माझी मान दुखत होती, एका कस्टमरनं दुपारीच डोकं खाल्लं होतं, घरी पाहुणे. "भाऊ, एक बेकार गोष्ट आहे. तुमच्याच गाडीचं ब्रेक ऑइल लीक होऊन राहिलं." तोंडावर आलं होतं, तुलेच बरं... बाटली उचलली, दोन घोट पाणी प्यायलो, आणि म्हटलं, "बरं झालं सांगितलं. आज ऑटोनं जातो." तो हसला आणि माझ्या हातातून गाडीची चावी घेतली.